अनोळखी, निरुपद्रवी

डिसेंबरात ओउलूला दुपारी तीनलाच अंधार पडतो,
आमच्या खोलीला तशीही खिडकी नाही.
टेबलावर वेइको मोइलानेनचा कॉम्प्युटर.
कीबोर्डात राईच्या पावाचे कण,
झाकणावर कॉफीच्या कपाचा सुकलेला गोल.
माणूस नोव्हेंबरात पातळ बर्फातून खाली गेला.
घसरला, की गेला?
विमा कंपनीला एवढंच हवंय,
शक्यतो शुक्रवारपर्यंत.

चार लाख बारा हजार फाइली.
एवढं एक माणूस लिहीत नाही.
त्याचं स्वतःचं असं थोडंच असतं,
बाकी विकत घेतलेलं, आपोआप आलेलं,
न वाचता ‘मान्य आहे’ म्हटलेलं.
म्हणून आधी पाखडायचं.

प्रत्येक फाइलीचा ठसा काढायचा:
चौसष्ट चिन्हांची एक ओळ,
दहा आकडे, सहा अक्षरं, वाटेल तशी विस्कटलेली.
ग्रंथ असो की कोरी फाइल, ओळ तेवढीच.
शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही,
तळाचं शीतसुद्धा दळलं जातं,
आणि कुठे एका ध चा मा झाला
तर अख्खी ओळ परकी होते.
उलटी वाट नाही.
ठशावरून बोट घडवता येत नाही.

मग सूची. ती पेन्टी कोइवुरांताची.
तळघरात बसून तो वर्षानुवर्षं खोकी फोडतो:
हिशेबाचे प्रोग्राम, टायपिंग शिकवणारे,
लग्नपत्रिका छापणारे, बुद्धिबळ हरणारे.
चालवत एकही नाही.
ठसा घेतो, नाव, निर्माता, आवृत्ती लिहितो,
फडताळात ठेवतो.
“ओळखीचे असतील ते बाजूला,” म्हणतो,
“त्यांच्याशी आपलं काही भांडण नाही.”
फॉन्ट गेले. घड्याळं गेली.
कधीच न जोडलेल्या प्रिंटरांची गावंच्या गावं गेली.

सुपात उरल्या अकराशे सहा.
म्हणजे वेइको.
मासेमारीचे परवाने, दाताचं बिल,
एकाच स्क्रूचे सतरा फोटो,
‘मेव्हण्यास’ एवढंच लिहून सोडलेलं पत्र.
चिठ्ठी नाही. दोनदा पाहिलं.

आणि एक खेळ.
नाव ओळखीचं, आकार तंतोतंत तेवढाच,
ठसा मात्र सूचीत नाही.
शेजाऱ्याचा कोट घालून
भलताच कोणी दारात उभा राहावा, तसा.
असले आम्हाला आवडत नाहीत.
पेन्टीला हाक मारली.
केमीच्या जुन्या बाजारातून आणलेली
मूळ फ्लॉपी त्याच्याकडे निघाली.
दोघी शेजारी शेजारी लावल्या.
बाइटमागून बाइट जुळत गेले,
डोळे चुरचुरेपर्यंत जुळत गेले,
मग सहा जुळले नाहीत.
मग पुन्हा सगळे जुळले.

बर्फावरून पळणारा एक कोल्हा आहे त्या खेळात.
त्याचं मूळ नाव रेंजर, रोमनमध्ये सहा अक्षरं.
इथे इम्पी. चारच.
उरलेल्या दोन जागा
त्यानं मोकळ्या सोडल्या, पण सोडल्या मोजून,
नाहीतर पुढचं सगळं घसरलं असतं.
एवढं त्याला कळत होतं.

इम्पी आता छत्तीस वर्षांची, राहते तुर्कूला.
फोनवर म्हणाली, “हो, होता की.
माझ्या नावाचा खेळ होता दुकानात.
मैत्रिणींकडे कधी दिसला नाही,
संपला असेल म्हणायचे मी.”
मी म्हटलं, असेल.

अहवालात लिहिलं:
एक फाइल, अनोळखी, निरुपद्रवी.
विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या यंत्रात नाही.
कण तसेच राहू दिले, पिशवीला सील केलं.

पेन्टीनं तो ठसा हातानं उतरवून घेतला,
चौसष्ट चिन्हं, जिभेचं टोक दातांत धरून,
आणि निर्माता या रकान्यापाशी थांबला.
वर पाहिलं माझ्याकडे.
मी फडताळाकडे पाहत होते.